गादीचे तीन वाटे

रिकाम्या पोत्यात किती हवा असते हे ज्याने गाठी बांधल्या आहेत त्यालाच ठाऊक. तुमसरला माझे बारदान्याचे दुकान आहे. धान भरायची जुनी पोती विकत घ्यायची, झाडायची, ठिगळे लावायची, दाबून त्यांच्या गाठी बांधायच्या आणि राइस मिलवाल्यांना विकायच्या, हा धंदा. सुरुवात मी दुसऱ्याच्या गोदामात सुवा हातात घेऊन पोती शिवण्यापासून केली. आज गोदाम माझे आहे. फुगलेली वस्तू गुडघ्याखाली घेऊन गप्प कशी करायची, हे मला कोणी शिकवायला नको. माणसांनाही मी त्याच रीतीने गप्प करतो, असे माझी बायको म्हणते.

म्हणून गादी परत पाठवायचे ठरले तेव्हा ती बांधायची मला काळजी नव्हती.

गादी आईसाठी घेतली होती. आई माझ्या धाकट्या भावाकडे राहते, नाकाडोंगरीच्या अलीकडच्या एका गावात. भाऊ चिखल्याच्या खाणीत जमिनीखाली उतरतो. त्याचे घर दोन खोल्यांचे. माझे घर स्लॅबचे, वर आईसाठी म्हणून मुद्दाम काढलेली खोली, तिला लागूनच बाथरूम. त्या खोलीत आज पापड वाळतात. आई सणाला येते, दोन दिवसांत कासावीस होते आणि म्हणते, "बाबू, मले बसवर सोडून दे." ज्याने कमावले त्याच्याकडे आई का राहत नाही, असे कोणी विचारले की मी सांगतो, तिला तिकडे करमते. मग लोक माझ्या बायकोकडे बघतात. हे दुखणे मी बरीच वर्षे बाळगून आहे आणि खोटे कशाला बोलू, पुढे जे सांगणार आहे त्यानंतरही ते पुरते गेलेले नाही.

तर मी गादी घेतली. लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाची. एका जाळीदार खोळीत तीन थर: खाली कडक, मधला बेताचा, वरचा नरम. चेन उघडली की तिन्ही सुटे. फोनवर कंपनीच्या मुलीशी मी इतकी घासाघीस केली की ती शेवटी दोन उशा फुकट द्यायला तयार झाली, वर म्हणाली, आमच्या साहेबांना सांगू नका. नाही आवडली तर परत घ्यायची मुदतसुद्धा मी वाढवून घेतली. आणि पत्ता भावाच्या घराचा दिला. गावात गाडी शिरावी, लोकांनी विचारावे कोणाकडे आली, आणि भावाच्या अंगणात माझ्या नावाचा खोका उतरावा, एवढे सगळे त्या पत्त्यात होते.

दिवाळीनंतर त्या गावचा एक शेतकरी पोती घ्यायला दुकानात आला. बोलता बोलता म्हणाला, "तुमची आई तं भुईवरच झोपते ना भाऊ. मी सकाळी गेलतो, तं खालीच होती."

त्याच्या मनात काही नव्हते. माझ्या डोक्यात मात्र सणक गेली. माझ्या घरात राहायचे नाही, आणि माझ्या गादीवर झोपायचेही नाही. त्या वेळी भावाच्या घरी एक फोन केला असता तर सगळे तिथेच मिटले असते. फोन मी केला, पण कंपनीला. गादी परत घ्या म्हणालो. दुकानात चार गिऱ्हाइके बसली होती, त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणालो, म्हणजे मग मागे फिरायची सोय उरली नाही.

कंपनीने जाड प्लास्टिकच्या लांबलचक पिशव्या पाठवल्या. एकेक थर पिशवीत घालायचा, यंत्राने आतली हवा ओढायची, थर चपटा झाला की गुंडाळी करून पट्ट्यांनी आवळायची. गाठ सुटून फुगली तर परतीची गाडी घेणार नाही. गाडी येणार होती ती तुमसरला, माझ्या गोदामावर. मी गाड्या धुणाऱ्या एका दुकानातून हवा ओढायचे यंत्र मागून घेतले, सुतळीचा बंडल घेतला आणि माल वाहायची माझी छोटी गाडी काढून गावाला गेलो.

आई अंगणात उन्हाला बसून लाखोळीची भाजी खुडत होती.

"आला का? हातपाय धू."

"गादी कुठं आहे माय?"

"कोणती?"

"किती गाद्या धाडल्या मी तुले?"

आईने एक देठ खुडला, टोपलीत टाकला. "आहे ना. तीन जागी आहे."

मला वाटले माझी ऐकण्यात चूक झाली. मग तिने उठून दाखवले. बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर जाळीची खोळ होती, तिच्यात फक्त कडक थर. तो भावाचा. "खाणीतून आला का कंबर धरते त्याची. त्याले कडक पाहिजे." आतल्या खोलीत भुईवर मधला थर, वर तिचे लुगडे अंथरलेले. "पलंगावरून मी पडन, म्हणून खाली टाकला. बेस झोप लागते." म्हणजे आई खाली झोपत होती ते माझ्याच गादीवर.

"आन् तिसरा?"

"शेजारी देल्ला. बुढीले."

शेजारची बुढी म्हणजे आईची रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, जोडीदारीण. आयुष्यभर दोघी धानाच्या बांधीत एका ओळीत वाकल्या. पावसाळ्यात ती घसरली, खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून अंथरुणावर. पाठीला जखमा झालेल्या. नरम थर तिच्या पाठीखाली गेला होता.

आईचे हे वागणे कुठून येते हे मला कळते, म्हणून सांगतो. आमच्या गावच्या तलावाचे पाणी उन्हाळ्यात उतरले की गाव मिळून मासोळ्या धरते. मग तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पळसाच्या पानांवर वाटे लावतात, घरामागे एक. जो धरायला आला नाही, जो अंथरुणाला खिळला आहे, त्याच्याही घराचा वाटा निघतो आणि कोणीतरी तो नेऊन देतो. वडील असताना वाटे लावायला ते बसत, पोचवायला आई जाई. ज्या वस्तूचे भाग पडतात ती एका घराची नसते, असे तिच्या डोक्यात कायमचे बसले आहे.

"ते मासोळी नव्हती माय," मी म्हणालो. "गादी आहे. एक वस्तू."

"एक कशी? चेन उघडली तं तीन पाटे निघाले. एक होती तं शिवून द्याची होती."

भावाची बायको दाराआड हसली. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे ती माझ्याशी थेट बोलत नाही, पदर पुढे घेते, आणि जे बोलायचे ते आईला सांगते, मी तिथेच उभा असलो तरी. तिचे हसणे ऐकून मी पेटलो. मी गादी परत न्यायला आलो आहे, असे एका दमात सांगून टाकले.

आईने टोपली बाजूला ठेवली. "माहा ने. त्याचाही ने, तो काही म्हणणार नाही. बुढीचा पाहिजे तं तू जाऊन माग. मी देल्लेला मी नाही मागत."

मी गेलो. आपण जाऊ शकणार नाही असे आईला वाटले, म्हणून गेलो.

बुढी कुशीवर पडून होती. खोलीत करंजाच्या तेलाचा वास.

"कोण गा?"

"मी, मावशी."

"दुकानवाला का? बस. गाडी आणली म्हणे."

वाटेत मी बरेच शब्द जुळवले होते. ती रडली असती, भांडली असती, तर त्याची मला सवय आहे. मी म्हणालो, "मावशी, हे पाठीखालचं कंपनीवाले वापस मागून राहिले." कंपनीने काही मागितले नव्हते.

"मागतीन ना बाप्पा. त्याईची वस्तू." आणि तिने भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "अवो, या वो दोघी. मले उचला."

आई आणि भावाची बायको आल्या. एकीने खांदे धरले, एकीने कंबर. मी थर ओढला. माझ्या हातांना तो गरम लागला. माणसाच्या अंगाची ऊब होती ती. त्यांनी तिला जुन्या गोधडीवर टेकवले, तेव्हा तिने दात आवळून श्वास घेतला, मग डोळे उघडून मला म्हणाली, "चहा घेतला का तू?"

मी तो थर डोक्यावर घेऊन अंगणात आणला. डोक्यावर असल्यामुळे मला कोणाचे तोंड दिसत नव्हते, तेवढे बरे होते.

आता बांधायचे. पोते दाबले की दबते आणि दबलेलेच राहते. लॅटेक्स तसे नाही. गुडघा ठेवला की तिथे खड्डा, गुडघा उचलला की वस्तू पहिल्यासारखी. यंत्र लावले, ते घूं करून दोन मिनिटे चालले आणि लाइन गेली. मग हाताने. मी एका टोकाकडून गुंडाळत जाई, अर्ध्यावर पोचलो की दुसरे टोक फणा काढून वर येई. दुसऱ्या टोकावर कोणीतरी बसायला हवे होते. आई हलकी, ती थरासकट उचलली जाई. भावाची बायको बसू शकत होती, पण भासऱ्यासोबत एका गादीवर ती कशी बसणार? मी बाजूला झालो की ती येऊन दाबी, ती बाजूला झाली की मी येई, आणि मधल्या वेळात गादी उलगडून सरळ होई.

"आई," ती खांबाकडे बघून म्हणाली, "त्याईले सांगा, एवढा चिखल तं रोवण्यातही कोणी तुडवत नाही."

"तूच सांग ना वो," आई म्हणाली. "तो आयकून रायला. त्याच्या कानात काही बोळे नाहीत."

"आई, आन् सुतळी कायले बांधून रायले म्हणाव? चिरते ते."

खरेच चिरले होते. पोते आवळायच्या सवयीने मी सुतळीला झटका दिला आणि नरम थराची कड लोण्यासारखी कापली गेली. भावाची बायको आत गेली आणि जुन्या लुगड्याच्या रुंद पट्ट्या फाडून आणल्या, माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवल्या. शेवटी घरातली धानाची पोती बाहेर काढली, पिशवीत घातलेल्या थरावर एकेक रचली. हवा सूं करत निघाली, आईने पिशवीचे तोंड पिळून धरले, आणि पोती सारत सारत मी गुंडाळत गेलो. पोत्यांवर माझ्याच दुकानाचा शिक्का होता. तीन गुंडाळ्या अशा घट्ट झाल्या की कोणत्याही मिलच्या फाटकावर मी त्या अभिमानाने उतरवल्या असत्या. त्या क्षणी मला आनंद झाला. ती ऊब ओढून घेतल्यावर तासाभरात मला आनंद होऊ शकला, हे लिहितानाही मान खाली जाते.

निघताना आईने खुडलेली लाखोळी फडक्यात बांधून गाडीत ठेवली. "सुनेले देजो," एवढेच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गोदामावर आली. पोरगा समजूतदार होता. गुंडाळ्या पाहून म्हणाला, "अशी पॅकिंग कोणी करून देत नाही काका." मग मोबाईल काढला. "परत करायचं कारण सांगा. लय कडक आहे का?"

"नाही."

"लय नरम?"

"नाही."

"वास येतो? साइज चुकली? झोपणाऱ्याला त्रास झाला?"

मी एका गुंडाळीची पट्टी ओढून बघितली. तो माझ्याकडे बघत राहिला. "काका, काहीतरी कारण तर द्यावंच लागते."

कारण माझ्याकडे होते, पण ते त्याच्या मोबाईलमध्ये नव्हते. मी त्याच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, तो बिचारा गाडी घेऊन गेला. मी तिन्ही गुंडाळ्या पुन्हा माझ्या गाडीत टाकल्या.

गावात शिरलो तो सरळ बुढीच्या दारात. ती आता दोन पोत्यांवर होती. पोती तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, भरलेली, तोंडे शिवलेली, आणि शिक्का माझा. आदल्या दिवशी मी गेल्यावर आई आणि भावाची बायको त्याच कामाला बसल्या असणार.

"मावशी, आणली परत. घ्या."

"कोणाची?"

"तुमचीच."

"माही कशी? कंपनीची न ते?"

"कंपनीनं सोडली. आता मी देऊन रायलो."

"तू कायले देतं? मी मागाले आलती का तुह्या दुकानात?"

माझा जन्म भाव कमी करून घेण्यात गेला. फुकट देण्यासाठी घासाघीस करायची वेळ पहिल्यांदाच आली. मी म्हणालो, गोदामात उंदीर कुरतडतील. मी म्हणालो, दोन दिवस ठेवून तर बघा. मी म्हणालो, तणस टोचते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "गिऱ्हाईक पटवून रायला का गा मले?"

"मावशी, जखमा आहेत तुमच्या पाठीले."

"आहेत. त्या तवाही होत्या." ती रागाने बोलत नव्हती, समजावत होती. "तुह्या मायनं देल्ला तो वाटा होता बाबू. वाट्याले कोणी नाही नसते म्हणत. तू देतं ते दान होते. दान घ्याची पाळी अजून नाही आली माह्यावर."

मी अंगणात आलो. आई तिथेच होती, सगळे तिला ऐकू गेलेले.

"माय, तू दे ना तिले."

"माह्याजवळ कुठं आहे? तू नेली न."

मी गाडीतून तिन्ही गुंडाळ्या उतरवल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या. "घे. तुझी गादी आहे. तुले वाटन ते कर."

"वाटे लावू?"

"लाव."

"मंग मधात बोलू नको."

तिने लुगड्याच्या पट्ट्या सोडल्या. पिशव्यांत हवा शिरली तसे थर हळूहळू अंग पसरू लागले. नरम थर तिने माझ्या हातात दिला. "पोचवून ये." मी घेऊन गेलो. बुढीने विचारले, "मायनं धाडला का?" मी हो म्हणालो. "मंग ठेव." भावाच्या बायकोने आणि आईने तिला उचलले, आणि या वेळी मी तो खाली सरकवला. कापली गेलेली कड पायांकडे केली.

कडक थर भावाच्या पलंगावर गेला. मधला थर आईने स्वतः गुंडाळला, पट्टी बांधली आणि उचलायला लागली. मला वाटले आत नेते आहे. ती माझ्या गाडीकडे निघाली.

"हा तुहा."

"माय, हे तुह्यासाठी घेतली होती."

"मधात बोलू नको म्हटलं न." तिने तो गाडीत टेकवला, हात झटकले. "मागच्या डावाले चुकलंच माह्यं. हे घर धरलं, शेजारचं धरलं, तुह्यं घर धरलंच नाही. म्हणून तुले राग आला. लहानपणीही तुले असाच राग येत होता, वाटा राह्यला का."

"आन् तू कायवर झोपशीन?"

"भुईवर. जन्मभर कायवर झोपली मंग?"

"मी नाही नेत."

"वाट्याले नाही म्हणते का कोणी?" ती म्हणाली, आणि पुन्हा भाजीच्या टोपलीपाशी जाऊन बसली.

दाराआडून भावाची बायको म्हणाली, "आई, त्याईले सांगा, चहा ठेवला आहे. आज तरी घेऊन जा म्हणाव."

मी चहा घेतला. बशीत बघून घेतला.

तो थर आता माझ्या घरी वरच्या खोलीत आहे, आईसाठी केलेल्या पलंगावर. बायकोने पापड दुसरीकडे हलवले आणि काही विचारले नाही. एक थर कंपनी परत घेत नाही आणि मी विचारलेही नाही. भावाला म्हणालो, आईला दुसरी गादी घेऊन पाठवतो. तो म्हणाला, "दादा, नको. तिचेही ती वाटे लावन."

दुपारी दुकान नोकरावर टाकून मी कधीकधी त्या थरावर आडवा होतो. गेल्या आठवड्यात तसाच पडलो होतो तेव्हा आईचा फोन आला. बुढीची पाठ सुकू लागली आहे, बांधीतली लाखोळी संपत आली, असे सांगून झाल्यावर तिने विचारले, "झोपतं न तू त्याच्यावर?"

"झोपतो."

"लागते का झोप?"

गिऱ्हाइकाला मी दिवसाकाठी किती खोटे सांगतो याला सुमार नाही. तिला मात्र म्हणालो, "नाही लागत माय."

आईने थोडा विचार केला.

"मंग उलटवून पाह्य," ती म्हणाली. "दुसऱ्या अंगानं बरा लागते तो."